गाडीचे दिवे आपणच घासू या
(महिला वाहनचालकांच्या शिबिरात केलेले भाषण)



सकाळच्या सत्रात आपण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यावर बोललो. आता गाडीच्या दिव्यांवर बोलायचं म्हणजे विषय कुठल्या कुठे गेला, असं काहींना वाटेल. पण कायद्यातलं संरक्षण बाईपर्यंत पोहोचतं ते कुणीतरी रात्री गाडी काढली तरच. आणि गाडी काढायची तर रस्ता दिसायला हवा.

ऊसपट्ट्यातल्या बायांना हे सांगायला नको. गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे चाललेला असतो, मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. कित्येकदा टायर फुटून तो भर रस्त्यातच उभा असतो. आपले दिवे पिवळे पडलेले असतील तर ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक मारायला जागाच उरलेली नसते.

आमच्या संस्थेची गाडी जुनी आहे. तिचे दिवे इतके धुरकटले होते की मोतीबिंदू झाल्यासारखे दिसत. मी गॅरेजमध्ये नेली. कारागिराने दिव्यांकडे धड पाहिलंही नाही. “दोन्ही नवीन टाका,” म्हणाला आणि काही हजारांचा आकडा सांगितला. दुसरा उपाय आहे का, असं विचारलं तर म्हणाला, “मॅडम, तुमच्या ड्रायव्हरला पाठवा, त्याला समजावतो.” ड्रायव्हर मीच होते.

तर आता आपण समजून घेऊ. या दिव्यावरच्या आवरणाला आपण काच म्हणतो, पण ती काच नसते. ॲम्बॅसिडर, पद्मिनीला खरी काच होती. ती फुटायची, पण पिवळी पडत नव्हती. आताच्या मोटारींना पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. हलकं, सहजी न फुटणारं. पण उन्हातल्या अतिनील किरणांनी ते खराब होतं, म्हणून कारखान्यातच त्यावर कडक लेपाचा पातळ थर देतात. वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून हा थर झिजतो, मग खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये अशा दिव्यांच्या चाचण्या घेतल्या. नव्या दिव्याच्या मानाने त्यांतून जेमतेम २० टक्के उजेड बाहेर पडत होता. उरलेला काही आतच अडतो, काही इकडेतिकडे विखुरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. घरच्या घरी घासून लेप दिल्यावर तोच उजेड ७० टक्क्यांच्या आसपास आला. शंभर नाही. पण रात्रीच्या रस्त्यावर वीस आणि सत्तर यांत फार अंतर आहे.

घासायला सुरुवात करण्यापूर्वी दिवा नीट पाहा. धुरकटपणा आतून असेल, पाणी शिरलेलं असेल, तडा गेला असेल किंवा मागचा चंदेरी आरसा काळवंडला असेल, तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. तिथे मात्र कारागिराचं म्हणणं बरोबर. आणि उजेड कमी म्हणून जास्त वॅटचा बल्ब घालू नका. तो तापतो, आतला आरसा खराब करतो आणि समोरच्याला आंधळं करतो.

सामान थोडकं आहे. रंगाच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो. १०००, २००० आणि ३००० नंबरचे घ्या. नंबर वाढतो तसा कागद बारीक. गाडी सावलीत लावा, दिवा साबणाने धुवा, भोवतीच्या रंगाला चिकटपट्टी लावा. कागद पाण्यात भिजवून आधी १००० ने आडवं घासा. पिवळट पाणी ओघळायला लागेल. तो जुना लेप निघतोय. ओघळ पांढरा होईपर्यंत थांबायचं नाही. पृष्ठभाग कोरडा पडू द्यायचा नाही. मग २००० ने उभं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. मग ३०००. या वेळी दिवा आधीपेक्षाही वाईट दिसतो, दुधाळ. घाबरू नका. रबिंग कंपाउंडने मऊ फडक्यावर घोळून घोळून घासलं की पारदर्शक होतो.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि काही महिन्यांत दिवे पुन्हा पिवळे होतात. आपण जुना लेप काढून टाकलेला असतो, प्लास्टिक उघडं पडलेलं असतं. म्हणून अतिनील किरणांना अडवणारा पारदर्शक लेप द्यायलाच हवा. फवारा असेल तर मोकळ्या हवेत, तोंडाला फडकं बांधून, पातळ दोन हात. पूर्ण वाळेपर्यंत गाडी धुळीत काढू नका.

टूथपेस्टचं तुम्ही ऐकलं असेल. तीही बारीक घासणारीच वस्तू, थोडी चमक येते, पण टिकत नाही. डास पळवायचं औषध लावून दिवा चमकवणारे तर प्लास्टिकच विरघळवतात. नेलपॉलिश काढायचं द्रव आणि पेट्रोल जवळही आणू नका.

हे ऐकताना काहीजणी हसत होत्या ते मी पाहिलं. बरोबर आहे. तांब्याचा हंडा चिंचेने लख्ख करणाऱ्या बाईला घासणं काय शिकवायचं? जोर कुठे द्यायचा, चरा कशाने पडतो, हे तिच्या हातांना माहीत असतं. घरात त्याला काम म्हणत नाहीत, मजुरी तर नाहीच. तेच कौशल्य मोटारीवर चाललं की त्याला ‘डिटेलिंग’ म्हणतात आणि त्याची पावती फाडतात. तुमच्यातल्या ज्या टॅक्सी चालवतात, त्यांनी हे काम शेजारच्या गाड्यांसाठी पैसे घेऊन जरूर करावं. फुकट नको. बाई आहे म्हणून ‘ताई, जरा करून द्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतील.

बाहेर आमची गाडी उभी आहे. डावा दिवा काल केला, उजवा मुद्दाम तसाच ठेवलाय. अंधार पडल्यावर भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी लावून दोन्हींचा उजेड शेजारी शेजारी पाहू. तोवर उजेड आहे तर सहाजणी पुढे या, पाण्याची बादली घ्या. कागद भिजत घातलेत.