गोठ्यातली जुनी पिकअप

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालात, की रस्त्याकडेच्या एखाद्या वस्तीवर, गोठ्याच्या आडोशाला, जुनी मोटार दिसण्याचा संभव आहे. चाके मातीत रुतलेली, हौद्यात कडबा, बॉनेटवर कोंबड्या. भंगारवाला येतो आणि वजनाचा भाव सांगून जातो. घरातली पोरे म्हणतात, "देऊन टाका एकदाची." म्हातारी माणसे गप्प बसतात. या गाडीतून त्यांचा गूळ बाजाराला गेलेला असतो आणि अडल्या रात्री घरातली बाळंतीणही दवाखान्यात गेलेली असते. अशी गाडी मोडीत घालावी की पुन्हा चालती करावी, असा प्रश्न तुमच्यापुढे असेल, तर हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत.

पहिली गोष्ट, गाडीचे कूळ ओळखा. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली. ती 1954 पर्यंत चालली. तिथल्या शेवरोले गाड्या आपल्याकडे पुष्कळ आल्या. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, फार्गो, डिसोटो अशी नावे तीन, पण आतली गाडी बहुतेक एकच. म्हणून फार्गोचा भाग मिळेना, तर डॉजचा शोधावा.

आमच्या घरची फार्गो आहे. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी. या गाड्यांच्या दोन खोडी आधीच सांगतो. बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. आजच्या सवयीने ऋण टोक जोडाल तर फसाल. दुसरे, डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. पाना नेहमीसारखा फिरवून, वर नळी घालून जोर केलात, तर नट सुटायचा नाही, बोल्ट मात्र तुटेल. आमचे दोन तुटले, तेव्हा हे शहाणपण आले.

वर्षानुवर्षे उभ्या गाडीला ढकलून किंवा ट्रॅक्टरने ओढून चालू करण्याचा मोह होतो. तो आवरा. पिस्टन सिलिंडरला धरलेले असतात. ओढाताणीत ते मोडतात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा, चार-आठ दिवस मुरू द्या आणि मग इंजिन हाताने, हलकेच फिरवून पाहा. टाकी उतरवून धुवा. गाडीखाली शिरायचे तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. आम्ही जाड लाकडी स्लीपरचे ठोकळे चारही बाजूंना दिले, तेव्हाच पाठ जमिनीला लावली.

आता पेट्रोलचे. आज पंपावर मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या शिरूर-दौंडच्या उसासारख्या उसापासूनही ते होते, म्हणून त्याचा राग धरण्याचे कारण नाही. पण जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा फाटतो. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते. तेव्हा नळ्या आणि पडदा नव्या जातीच्या रबराचे बसवा आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

आणि आता माझी चूक. इंजिन पहिल्यांदा धडधडले, त्या दिवशी सारी वस्ती गोळा झाली. वडिलांनी नारळ फोडला. आनंदाच्या भरात मी हौद्यात चार पोरे बसवून गाडी काढली. ओढ्याच्या उतारावर ब्रेक दाबला, तो पाय थेट तळाला गेला. हँडब्रेक कुचकामी. नशीब की बाजूला मुरमाचा ढीग होता. त्यात गाडी घातली. कोणाला खरचटलेही नाही, पण वडील त्या रात्री जेवले नाहीत.

कारण साधे होते. या गाड्यांना चारही चाकांच्या ब्रेकसाठी तेलाचा एकच मार्ग असतो. आजच्या मोटारींसारखे दोन वेगळे मार्ग नसतात. एका चाकाच्या सिलिंडरचे वायसर गेले, तेल गळाले, की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी थांबण्याची सोय, मग चालण्याची. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, नळ्या, पट्टे आणि हँडब्रेक हे सारे नवे झाल्याखेरीज इंजिनाच्या किल्लीला हात लावू नका. रंगाचे नंतर पाहता येते. हौद्याला सागाच्या फळ्या गावचा सुतारही बसवील.

गाडी रस्त्यावर आणण्याआधी कागद पाहा. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी केली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. पण ही सोय खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहे. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याला लावता येत नाही. तुमची पिकअप मालगाडी म्हणून नोंदलेली असेल, तर ती या नियमात बसते का, हे परिवहन कार्यालयात आधी विचारा, मगच पैसे खर्च करा.

आणि अंधार पडण्याआधी घरी या. सहा व्होल्टचे दिवे मिणमिणते, आणि गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या विनादिव्याच्या उभ्या असतात.

आमची फार्गो आता कधीमधीच निघते. वडील शेजारी बसतात. उतार आला की त्यांचा हात आपोआप हँडब्रेककडे जातो. मी काही बोलत नाही. त्यांचे बरोबरच आहे.