यंत्र बंद पडतं, तेव्हा कोण उभं राहतं?

(नागपूर येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. कॉक्लियर इम्प्लांटसाठी वर्गणी गोळा करणारे तरुण आपल्या वस्त्यांत खूप आहेत, याचा मला अभिमान आहे. पण आज मला त्यापुढचं बोलायचं आहे. बसवलेलं इम्प्लांट बिघडलं तर काय?

या यंत्राचे दोन भाग असतात. कानामागे दिसतो तो प्रोसेसर. दुसरा भाग त्वचेखाली, हाडावर बसवलेला. त्यातून निघालेली बारीक इलेक्ट्रोडची तार आतल्या कानाच्या शंखात जाते. आतला भाग बहुतेकांना अनेक वर्षं साथ देतो, पण तोही माणसानंच बनवलेला आहे. 2011 साली कॉक्लियर कंपनीनं आणि 2020 साली अ‍ॅडव्हान्स्ड बायोनिक्सनं आपली काही मॉडेलं बाजारातून परत मागवली होती. डोक्याला मार लागून, जंतुसंसर्गानं किंवा तार जागची सरकल्यानंही अडचण येते. मुलं पडतात-धडपडतात, म्हणून त्यांच्यात बिघाडाचं प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त दिसतं.

मोठा माणूस सांगतो, "आवाज फाटल्यासारखा येतोय." तीन वर्षांचं मूल तसं सांगत नाही. ते मशीन काढून फेकतं, हाकेला वळत नाही, शिकलेले शब्द विसरू लागतं. मग घरात काय ऐकू येतं? "जिद्दी झालाय," "नजर लागली," आणि शेवटी, "अम्मीनं लक्ष दिलं नाही." ताजबागेत दुआ मागायला जरूर जा. पण त्याच आठवड्यात तपासणीही करा. भाषा शिकण्याच्या वयातले सहा महिने फुकट गेले तर ते भरून काढणं फार अवघड असतं.

तपासणीचा क्रम सोपा आहे. आधी बॅटरी, केबल, कॉइल. मग दुसरा प्रोसेसर लावून पाहायचा. तरीही फरक पडला नाही, तर केंद्रात आतल्या यंत्राची संगणकावर चाचणी होते. कधी चाचणी ठीक येते आणि तरी मूल मागे पडत राहतं. अशा वेळी पालकांचं म्हणणं हाच मोठा पुरावा असतो. तो ऐकला गेला पाहिजे.

बिघाड पक्का झाला, तर जुनं यंत्र काढून त्याच कानात नवं बसवता येतं. बहुतेकांना पूर्वीइतकं किंवा त्याहून चांगलं ऐकू येतं. मात्र नव्यानं मॅपिंग करावं लागतं, थेरपीही पुन्हा करावी लागते.

खरा प्रश्न पैशाचा आहे. लहान मुलांना केंद्राच्या 'एडिप' योजनेतून इम्प्लांट मिळतं. त्याचं काम मुंबईच्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालतं. अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेल्या अली यावर जंग यांचं नाव या संस्थेला आहे. पण पहिल्या ऑपरेशनचा फोटो निघतो, दुसऱ्याच्या वेळी कुटुंब एकटं असतं. वॉरंटीत यंत्र बदलून मिळालं, तरी ऑपरेशन, भूल, प्रवास, बुडालेली मजुरी यांचं काय? आणि प्रौढांचं तर कुणी विचारतही नाही. चाळिशीतल्या शिलाई कामगाराचं ऐकू येणं बंद झालं, तर त्याची रोजीच जाते.

म्हणून तुमच्याकडे चार कामं मागते. ऑपरेशनआधी पालकांबरोबर जा आणि वॉरंटी किती वर्षांची, त्यात काय येतं, हे लेखी घ्या. इम्प्लांटचं कार्ड आणि सीरियल नंबर यांचा फोटो तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. बिघाड झाला तर भारतीय मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे तक्रार नोंदवा. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी तो 2015 पासून सुरू आहे, आणि नोंदच नसेल तर दोष दिसणार कसा? चौथं काम जकातीचं. रमजानमध्ये नव्या ऑपरेशनला पैसे देताना, ज्यांचं यंत्र बंद पडलंय अशा गरजू घरांसाठीही वाटा राखा. केबल आणि बॅटरीसुद्धा त्यात येऊ द्या.

दुसऱ्या ऑपरेशनची मागणी ही भीक नव्हे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णबधिरांचे हक्क मान्य झालेले आहेत. अर्ज मराठीत लिहा, पोचपावती घ्या, आणि पुढच्या वेळी त्या पालकांसोबत दोघं जण तरी जा.