नातं येण्याजाण्याचं

पदवीधर मुलामुलींनो, आदिलाबाद जिल्ह्यात माणूस कुठला हे सरकारी कागदावरून ठरवायला गेलं तर पंचाईत होते. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजुरा या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेलं. आपलं नार्नूर तेलुगू राज्यात राहिलं. 2014 मध्ये तेलंगणा वेगळं होऊन राज्य बदललं, 2016 मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पलीकडच्या केरामेरी मंडलातल्या परमडोली, महाराजगुडा या गावांवर तर आजही दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथे मतदार याद्या दोन, रेशनकार्डं दोन, शाळाही मराठी आणि तेलुगू अशा दोन. दोन्हीकडचे लाभ घेतात म्हणून या गावकऱ्यांना नावं ठेवणारे आहेत. पण रेघ त्यांनी ओढलेली नाही. रेघ कुठूनही गेली तरी सोयरीक आणि बाजारहाट दोन्हीकडे चालूच आहे.

मग माणूस गावाचा होतो कशाने? जन्माने, हे सोपं उत्तर झालं, पण ते पुरत नाही. इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेस्राम या गोंड कुळातली माणसं गोदावरीचं पाणी आणायला पायी जातात. महापूजेनंतर रात्री नव्या सुना पांढरी लुगडी नेसून, पदराने तोंड झाकून देवापुढे येतात आणि वडीलधारी मंडळी त्यांची नागोबाशी ओळख करून देतात. याला ‘भेटिंग’ म्हणतात. सून त्या कुळात जन्मलेली नसते. लग्न झालं तरी ही ओळख व्हावीच लागते. कोणीतरी आपल्याला पुढे न्यावं लागतं आणि आपणही पुढे यावं लागतं. दूरचा माणूसही असाच इथला होतो. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ जन्माने ऑस्ट्रियाचे. 1940च्या दशकात ते याच भागातल्या मारलवाई गावात राहिले, गोंड मुलांच्या शाळांसाठी झटले. त्यांची आणि पत्नी बेटी यांची समाधी मारलवाईतच आहे.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही: आपली माणसं ठरली की परकीही ठरतात. 2017 च्या अखेरीस याच जिल्ह्यात गोंड, कोलाम हे आदिवासी आणि लंबाडा समाज समोरासमोर उभे ठाकले. लंबाडा तेलंगणात अनुसूचित जमातीत, तर सीमेपलीकडे महाराष्ट्रात तेच बंजारा विमुक्त जातींत. राखीव नोकऱ्या आपल्या वाट्याला येत नाहीत, ही गोंड-कोलामांची तक्रार पोकळ नाही. लंबाडा तांड्यात वाढलेल्या मुलीची नार्नूरवरची मायाही खोटी नाही. मला वाटतं, हक्काचं भांडण कायद्याच्या दारात भांडावं. त्यापायी एकमेकांच्या दारात जाणं थांबवू नये. दुसरा आक्षेप, अशी नाती पाय ओढतात. पोटासाठी हैदराबादला किंवा नागपूरला जाणं यात काहीच गैर नाही. जरूर जा, येणंजाणं ठेवा.

तुमच्यातलं कोणी शिक्षक होईल, कोणी मंडल कार्यालयात बसेल, कोणी दवाखान्यात. समोर आलेला म्हातारा गोंडी, कोलामी, लंबाडी, मराठी, तेलुगू यांपैकी जी भाषा बोलेल, त्या भाषेत त्याला निदान ‘बसा, काय काम आहे?’ एवढं विचारता येईल, इतकं शिकून घ्या.