केस सरळ केले, आता धुवायचे कशाने?

तुळशीचे लग्न झाले की लग्नाच्या तिथी सुरू होतात आणि पार्लरमध्ये स्मूदनिंगसाठी नंबर लागतात. चार-पाच तास बसून, काही हजार रुपये मोजून केस सुळसुळीत होतात. मग दोन-तीन महिन्यांनी आमच्याकडे फोन येऊ लागतात. केस वाळल्या गवतासारखे झाले, फणीत तुकडे येतात, शांपू बदलू का, टॉनिक घेऊ का? केस सरळ करावेत की नाही हे ज्या बाईने-त्या बाईने ठरवावे. आपण आज बोलणार आहोत ते करून झाल्यानंतरचे.

आधी एक गोष्ट घरीच बघा. फणीत आलेला केस उजेडात धरा. त्याच्या एका टोकाला बारीक पांढरा गोळा असेल तर तो मुळापासून गळलेला केस. गोळा नसेल, लांबी निम्मी-पाव असेल, तर तो मधूनच तुटला आहे. गळण्याची कारणे पोटात, रक्तात, आजारपणात असू शकतात, त्यासाठी डॉक्टरकडे जावे. पण तुटणारा केस गोळ्या खाऊन सांधत नाही. डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्याला आपण फक्त जपू शकतो.

पार्लरमध्ये नेमके काय झाले ते आता समजून घेऊ. केसाच्या बाहेरच्या अंगाला खवले असतात, घरावर मंगळुरी कौले एकावर एक चढवलेली असावीत तसे. कौले नीट बसलेली असली की पाणी वरून निघून जाते, केस चमकतो, गुंता होत नाही. रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंगच्या बहुतेक क्रीममध्ये थायोग्लायकोलेट नावाचे रसायन असते. ते आत शिरावे म्हणून आधी ही कौले उचलावी लागतात आणि ते काम खार करतो. आत गेल्यावर केसाला आकार देणारे गंधकाचे बंध तुटतात, केस प्रेसने सरळ केला जातो आणि न्यूट्रलायझर लावून ते बंध पुन्हा जोडले जातात. हा न्यूट्रलायझर पाकिटावर लिहिला आहे तेवढा वेळ लावायलाच हवा. पुढचे गिऱ्हाईक ताटकळले आहे म्हणून तो लवकर धुतला तर बंध अर्धे तुटलेलेच राहतात. तिथे संकोच करू नका, घड्याळ बघा.

आता हे खार आणि आंबट प्रकरण. शाळेत आपण पीएच शिकलो होतो. 7 म्हणजे मध्य, त्याखाली आंबट बाजू, त्यावर खाराची बाजू. एकेका आकड्यात दहापटीचा फरक असतो, म्हणून 9 हा आकडा 7 च्या जवळचा वाटला तरी तसा नाही. डोक्याची कातडी साडेपाचच्या आसपास असते आणि केस त्याहून आंबट, पावणेचारच्या जवळपास. रिबॉन्डिंगची क्रीम 9 च्या आसपास. आणि आपला रोजचा अंगाचा साबण? तोही 9 ते 10. म्हणजे काही हजार देऊन झाल्यावर जी बाई मोरीतल्या साबणाच्या वडीने डोके धुते, ती दर आठवड्याला कौले पुन्हा उचकटते. पूर्वी याच साबणाने काही बिघडत नव्हते, हे खरे आहे. पण तेव्हा कौले शाबूत होती आणि केसावर त्याचा स्वतःचा स्निग्ध थर होता. तो थर रसायनाने निघून गेला. आता केस पाणी पटकन पितो, फुगतो, वाळायला वेळ लावतो आणि ओला असताना ताणला की तुटतो. यालाच केस सच्छिद्र होणे म्हणतात. मोबाइलवर केस पेल्यातल्या पाण्यात टाकून बघण्याची परीक्षा दाखवतात, तिच्यावर विसंबू नका. तेलाचा अंश असला तर खराब केसही तरंगतो. त्यापेक्षा टोकाकडून मुळाकडे बोटे उलटी फिरवा. खरखर लागली तर समजा, कौले उठली आहेत.

तुमचा शांपू कोणत्या बाजूचा, हे कळायला प्रयोगशाळा नको. पांढऱ्या कागदाला हळदीचे पाणी लावून सावलीत वाळवा. शांपूचा थेंब थोड्या पाण्यात मिसळून त्या कागदावर टाका. तांबूस डाग पडला तर त्यात खार आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही, तेच हे. पिवळे पिवळेच राहिले तर तो खाराकडचा नाही एवढेच कळते, किती आंबट आहे ते हळद सांगत नाही. साबणाची वडी, धुण्याचा सोडा, पापडखार, कोणी सुचवलेले ‘घरगुती’ मिश्रण, सगळे या कागदावर टाकून बघा. खाण्याचा सोडा घालून केस धुण्याचा उपाय बऱ्याच जणी करतात. सरळ केलेल्या केसांना तो नकोच.

दुसरी अडचण पाण्याची, आणि आपल्याकडे तीच मोठी. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर चढतो, ते जड पाणी. त्यातले कॅल्शियम सच्छिद्र केसात जास्त शिरते आणि तिथेच बसते. साबणाबरोबर त्याचा चिकटा होतो तो वेगळाच. सगळी अंघोळ जारच्या पाण्याने करा असे कोण म्हणेल! पण शेवटचे दोन तांबे पावसाच्या साठवलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे घेतले तर फरक पडतो. एक लिटर पाण्यात दोन चमचे साधे व्हिनेगर घालून केसांवरून ओतता येते, त्याने उठलेली कौले बरीच खाली बसतात. नंतर साध्या पाण्याचा तांबा घ्यावा. डोळे सांभाळा, डोक्याला जखम किंवा पुरळ असेल तर करू नका. लिंबू मात्र थेट पिळू नका, त्याचा पीएच 2 च्या जवळ असतो आणि कातडी भाजल्यासारखी होते. शिकेकाई स्वतः सौम्य आंबट आहे, पण भरड पूड केसात चोळली तर तीच खवले खरवडते, म्हणून उकळून, फडक्यातून गाळून घ्या. आणि कंडिशनर परवडत असेल तर व्हिनेगरपेक्षा तो बरा, कारण तो आंबट बाजूचा असतोच, शिवाय खराब झालेल्या केसाला धरून राहतो.

खोबरेल धुण्याआधी लावा. 2003 साली मुंबईतल्या संशोधकांनी दाखवले की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना जाणारे प्रथिन वाचवते, सूर्यफुलाच्या तेलाने तसे होत नाही. संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, हेही सांगायला हवे. पण आपल्या आज्यांचा अनुभव काही वेगळा नव्हता.

पुन्हा पार्लरला जाल तेव्हा मेंदी, डाय, आधीची ट्रीटमेंट, सगळे सांगा. काही ठिकाणी ‘रिलॅक्सर’ असतो. अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया तो पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या आहेत. त्यात बरेचदा कॉस्टिक सोडा असतो, पीएच 12 च्या वर. थायोग्लायकोलेट लावलेल्या केसावर तो लावला तर केस जागीच तुटू शकतात.

मग कोणी म्हणेल, आंबट बाजूची ट्रीटमेंटच करू, ती सुरक्षित. तसे नाही. ‘केराटिन’ म्हणून होणाऱ्या काही ट्रीटमेंटमध्ये फॉर्मल्डिहाइड असते. 2004 साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारक ठरवले आहे. प्रेस लावताना डोळ्यांतून पाणी काढणारा धूर आला तर उठून बाहेर या. काहींमध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. 2024 मध्ये डॉक्टरांनी ट्युनिशियातल्या 26 वर्षांच्या एका मुलीची हकिगत छापली. तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. अशा ट्रीटमेंटनंतर उलट्या, पोटात किंवा कंबरेत दुखणे, लघवी कमी होणे असे काही झाले तर डॉक्टरांना केसांचेही सांगा, ते आपणहून विचारतीलच असे नाही.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांनी मुळाशी पाच-सहा सेंटिमीटर नवा, स्वतःच्या वळणाचा केस असतो आणि खाली जुना सरळ. दोघांच्या सांध्यावर केस सगळ्यात कच्चा, म्हणून तिथे घट्ट रबर बांधू नका, मोठ्या दातांची फणी टोकापासून वर आणत चला. टचअप करायचेच असेल तर क्रीम फक्त नव्या केसाला लावायची. ब्रश त्या सांध्याच्या खाली येतोय का, हे आरशात बघत बसा आणि आला तर लगेच थांबवा.