चष्म्याची चौकट आणि बाजूची नजर
(विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज डोळ्यांविषयी बोलावयास सांगितले आहे. विषय मोठा आहे. त्यातला एकच कोपरा मी निवडला आहे, आणि तो अक्षरशः डोळ्याचा कोपरा आहे. ज्यांना मायनसचा नंबर आहे, म्हणजे पुस्तक दिसते पण फळा दिसत नाही, त्यांनी चष्मा सोडून कॉन्टॅक्ट लेन्स लावली तर बाजूचे दिसण्यात काय फरक पडतो? भरतीची तयारी करणारी मुले हे विचारतात, कबड्डी खेळणारी मुले विचारतात, खेड्यातून मोटारसायकलवर रोज जालन्याला येणारे नोकरदारही विचारतात. दुकानात याचे उत्तर 'हो, छान दिसते' एवढेच मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि अपुऱ्या उत्तरावर डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते.

प्रथम नजरेचा पसारा किती असतो ते पाहू. समोर एका बिंदूकडे टक लावून पाहा. एका डोळ्याला कानाच्या बाजूला सुमारे ९० अंशांपर्यंत, नाकाच्या बाजूला ६०, वर ६० आणि खाली ७० अंशांच्या आसपास दिसते. मात्र हे सगळे सारखेच स्पष्ट नसते. मधोमध अक्षर वाचता येते. दहा अंश बाजूला गेले की नजरेची धार पाचव्या हिश्शावर येते. म्हणजे कडेची नजर वाचण्यासाठी नाहीच. तिचे काम राखणदाराचे आहे. काही हलले, कोणी आले, रस्ता कडेला खचला, की ती सांगते 'तिकडे बघ', आणि मग आपण मान वळवतो.

आता चष्मा. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर पुढे असते. चौकटीबाहेर नंबर नसतो, त्यामुळे तिथले सारे धूसर. पण धूसरपणाची तक्रार मी मोठी मानत नाही, कारण कडेची नजर मुळातच धूसर असते. खरी अडचण काचेच्या काठाची आहे. मायनसची काच मधे पातळ आणि कडेला जाड असते. ती कडेला लोलकासारखी वागते आणि वस्तू जागेवरून सरकवून दाखवते. उणे आठ नंबरच्या काचेतून मध्यापासून एक सेंटीमीटर बाजूने पाहिले, तर एक मीटरवरची वस्तू ८ सेंटीमीटर सरकलेली दिसते. चौकटीच्या काठाशी तर तीच वस्तू दोनदा दिसते, एकदा काचेतून आणि एकदा काचेबाहेरून. जाड नंबर असलेल्यांनी घरी जाऊन दाराच्या चौकटीकडे तिरपे पाहावे, लगेच कळेल. शिवाय उणे आठच्या चष्म्यातून सारे जग सुमारे नऊ टक्के लहान दिसते. जग लहान झाल्याने काचेत ते थोडे जास्त मावते, ही गंमतच आहे. मायनसवाल्याला चौकटीच्या आकारापेक्षा किंचित अधिक दिसते, पण ते दुहेरी काठाच्या मोलाने.

लेन्स डोळ्यावर, पारपटलावर बसते आणि बुबुळाबरोबर फिरते. तुम्ही डावीकडे पाहिले की लेन्सचा मध्यही डावीकडे जातो. चौकट नाही, काडी नाही, काठाला दुहेरी वस्तू नाही, सरकणे जवळजवळ नाही. मऊ लेन्स साधारण १४ मिलिमीटर रुंद असते आणि पारपटल सगळे झाकते, म्हणून कडेने येणारा प्रकाशही तिच्यातूनच जातो. अंतर नाहीसे झाल्याने नंबरही बदलतो: चष्म्याचा उणे आठ लेन्समध्ये सव्वासातच्या आसपास येतो. म्हणून चष्म्याच्या चिठ्ठीवर लेन्स घेऊ नये, लेन्सची तपासणी वेगळी असते.

तेव्हा फायदा खरा आहे, पण तो नंबरावर अवलंबून आहे. उणे एक-दीड नंबरवाल्याला बाजूच्या नजरेत फार फरक जाणवणार नाही. उणे सहाच्या पुढच्याला तो पहिल्याच दिवशी जाणवतो: जिना उतरताना, गर्दीत चालताना, चढाई करणाऱ्याला कोपऱ्यातला गडी दिसताना. रात्री मात्र बाहुली मोठी होते, आणि लेन्सच्या नंबर असलेल्या भागाच्या काठावरून प्रकाश आला तर दिव्यांभोवती कडे दिसते. नव्याने लेन्स लावलेल्याने लगेच रात्री गाडी चालवू नये. चाळिशीच्या पुढच्या सभासदांना आणखी एक गोष्ट सांगतो. मायनसचा चष्मा जवळचे वाचताना डोळ्यांचे श्रम थोडे वाचवतो. लेन्समध्ये ती सवलत जाते, आणि पेपर लांब धरावा लागतो. लेन्स खराब आहे असे समजू नये.

या वस्तूचा इतिहासही लघुदृष्टीशी जोडलेला आहे. १८८८ साली झुरिचच्या फिक यांनी काचेच्या लेन्सचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील कील येथे ऑगस्ट म्युलर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वतःच्या डोळ्यांवरचे प्रयोग मांडले. त्याला उणे चौदाचा नंबर होता. डोळा बधिर करूनही काचेची लेन्स अर्ध्या तासाच्या वर सोसली जात नसे. पुढे १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या ओटो विख्टर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांपासून घरीच यंत्र जोडून मऊ लेन्स ओतली. आज बोटाच्या टोकावर ठेवतो ती लेन्स तिथून आली.

आता जास्त महत्त्वाचे. मायनसचा नंबर म्हणजे काचेचा दोष नव्हे, डोळ्याची लांबी वाढलेली असते. नंबर मोठा तसा डोळा अंड्यासारखा लांबट, आणि आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, ताणलेला. हा पडदा कडेला पातळ होतो, त्याला भोके पडतात, आणि कधी तो सुटतो. अशा वेळी डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके वाढतात, अंधारात वीज चमकल्यासारखे होते, आणि बाजूने पडदा सरकत आल्यासारखी सावली येते. काचबिंदूचा धोकाही लघुदृष्टीत जास्त असतो, आणि तो बहुधा न दुखता, न कळता आधी बाजूचीच नजर खातो. लेन्स लावून चौकट गेली, बाजूचे मोकळे दिसू लागले, की मुलगा समजतो डोळा बरा झाला. मग चष्म्याच्या निमित्ताने होणारी तपासणीही बंद पडते. लेन्सने बाजूचे दृश्य मोकळे केले, पण मागचा पडदा होता तसाच राहिला. मला आज जी गोष्ट सांगायची आहे ती हीच.

घरी एक साधी चाचणी करता येते. दोघांनी हाताच्या अंतरावर समोरासमोर बसावे. तुम्ही उजवा डोळा झाकला तर समोरच्याने डावा झाकावा, आणि एकमेकांच्या उघड्या डोळ्याकडे पाहावे. मग दोघांच्या मधोमध, बाजूने बोट हळूहळू आत आणावे, चारही दिशांनी. त्याला बोट दिसते आणि तुम्हाला दिसत नाही, असे झाले तर डॉक्टरांना गाठावे. उलट चाचणी नीट आली म्हणून डॉक्टरांकडे जाणे सोडू नये. बोटाने मोठे नुकसान कळते, लहान कळत नाही.

वाढत्या वयाच्या मुलांबाबत एक नवे ज्ञान आले आहे. २००५ मध्ये ह्यूस्टन येथे माकडांवर झालेल्या प्रयोगांतून दिसले, की डोळा किती लांब व्हायचा हे केवळ मधली नजर ठरवत नाही, पडद्याच्या कडेवर पडणारी प्रतिमाही ठरवते. त्यातूनच मधला आणि बाहेरचा नंबर वेगवेगळा असलेल्या लेन्स आल्या. अशा एका लेन्सला अमेरिकेत २०१९ मध्ये मुलांसाठी मान्यता मिळाली. तिने नंबर वाढण्याचा वेग कमी होतो, आलेला नंबर जात नाही. ती महागही आहे. पण चीनमधील ग्वांगझू येथे शाळांनी रोज ४० मिनिटे जादा मैदानावर काढली, तेव्हा तीन वर्षांत लघुदृष्टी येण्याचे प्रमाण ३९.५ वरून ३०.४ टक्क्यांवर आले. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मैदानाला पैसे पडत नाहीत. मुलगा अभ्यास सोडून उन्हात गेला म्हणून रागावणाऱ्या पालकांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने काही गोष्टी सांगणे भाग आहे. आपल्याकडे पाणी साठवून वापरण्याची सवय आहे: पिंप, हौद, टाकी. हे पाणी, नळाचे असो वा गाळलेले, लेन्सला लागता कामा नये. पाण्यातला अमीबा पारपटलात शिरला तर महिनोन्महिने औषध घालूनही डाग राहतो. लेन्स फक्त तिच्या द्रावणाने धुवावी, हात साबणाने धुऊन कोरडे करून मगच तिला हात लावावा, आणि अंघोळीपूर्वी व झोपण्यापूर्वी ती काढावी. द्रावणाचा खर्च दर महिन्याला परवडणार नसेल, तर चष्माच चांगला. त्यात कमीपणा नाही. रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्यांनी लेन्सला संरक्षण समजू नये. ठिणगी लेन्सवर थांबत नाही, वर गॉगल हवाच. सोयाबीनच्या मळणीला, कापसाच्या धुळीत लेन्स घालून जाऊ नये. काडीकचऱ्याने डोळा खरचटला तर बुरशीची लागण होते.

भरतीविषयी. आपल्या जालन्यात राज्य राखीव दलाचा गट क्रमांक ३ आहे, त्यामुळे मुलांचा ओढा तिकडे असणे साहजिक आहे. मैदानी सराव लेन्स लावून जरूर करा. पण 'चष्म्याशिवाय' अशी अट असेल तर तिचा अर्थ लेन्सशिवाय असाही होतो. रेल्वेत लोको पायलटला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/६ लागते. फॉर्म भरण्यापूर्वी जाहिरातीतली दृष्टीची अट वाचा आणि नजर तपासून घ्या. दोन वर्षे मैदानावर घाम गाळून वैद्यकीय तपासणीत परत येण्यापेक्षा ते बरे.

उणे सहाच्या पुढच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, आणि पडद्याची कडा पाहा असे स्पष्ट सांगावे. जालन्याचे जिल्हा रुग्णालय आहे, श्री गणपती नेत्रालय आहे, पुढे संभाजीनगरला घाटी आहे. जाताना लेन्स काढून चष्मा लावून जावे. थेंब टाकल्यावर चार-सहा तास उजेड सोसत नाही आणि जवळचे वाचता येत नाही. तेव्हा त्या दिवशी मोटारसायकल घरी ठेवावी, एसटीने जावे आणि सोबत कोणाला तरी न्यावे.