लाटेचा भाव

हेदवीची बामणघळ श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. भरतीचें पाणी त्या अरुंद घळींत शिरतें आणि केवढ्या आवेशानें वर उसळतें! अशीच लाट बंदिस्त जागेंत शिरूं दिली, तर कोंडलेली हवा पंखा फिरविते व वीज निघते. केरळांत विळिंजम येथें १९९१ सालीं मद्रासच्या आय. आय. टी.नें असें १५० किलोवॅटचें केंद्र उभारलें. सरकारनें पैसा दिला, वीजहि निघाली. पण त्यामागून दुसरें केंद्र उभें राहिलें नाहीं, आणि तेंहि आतां बंद आहे.

जर्मनीनें २००० सालच्या कायद्यानें उभारणीपेक्षां विजेकडे पाहिलें. वारा व ऊन यांच्या विजेचा दर तिनें वीस वर्षांपर्यंत बांधून दिला. बोजा ग्राहकांच्या बिलांवर पडला, आणि तो हलका नव्हता, हेंहि सांगितलें पाहिजे. ब्रिटननें २०२१ सालीं भरतीओहोटीच्या विजेसाठीं लिलावांत दरसाल दोन कोटी पौंड निराळे राखले. मला ही रीत अधिक पटते. खर्चाला मर्यादा राहते.

आपल्या सरकारनें २०१९ सालीं सागरी ऊर्जेस नवीकरणीय ऊर्जेंत गणलें, वीजकंपन्यांच्या सक्तीच्या खरेदींत तिला जागाहि दिली; परंतु वाऱ्याच्याच पंक्तीला. त्या स्वस्त वाऱ्यापुढें महागडी लाट कोण विकत घेणार?