शेवटचे कडवे



वसंत व्याख्यानमाला ही १८७५ सालापासून पुण्यात चालत आलेली आणि पुढे गावोगावी पसरलेली प्रथा. तिच्या व्यासपीठावर राजकारण झाले, अर्थकारण झाले, वेदान्तही झाला. आज आम्ही जाखडीच्या गाण्यांवर बोलणार आहोत. हा विषय या व्यासपीठाला हलका आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी शेवटपर्यंत बसावे आणि मग आमचा निकाल लावावा, एवढीच विनंती.

विषय सुचला तो असा. आयर्लंड नावाचा एक चिमुकला देश आहे. तिथल्या लोकसंगीताची वर्षभरात जी नवी ध्वनिमुद्रणे निघतात, त्यांचा वर्षअखेरीस आढावा घेण्याची तिकडे पद्धत आहे. असा एक आढावा आमच्या वाचनात आला. कोणाचे काय निघाले, कोणत्या परगण्याची चाल कोणी वाजवली, हे सारे त्यात मोठ्या अगत्याने लिहिलेले होते. ते वाचताना मनात आले की, आमच्या गणपतीपुळ्याच्या पंचक्रोशीत एका वर्षात किती नवी गाणी होतात, याचा आढावा कोण घेतो? जो उठतो तो म्हणतो, लोकगीते जुनी असतात, आजीच्या आजीपासून चालत आलेली असतात. हा समज निदान आपल्या किनाऱ्यापुरता तरी खरा नाही. इथे गाणी दरवर्षी नवी होतात, आणि ती व्हावीच लागतात.

कशी ते पाहा. आषाढात भातलावणी आटोपली की श्रावणात वाडीवाडीच्या ओटीवर तालमी सुरू होतात. भाद्रपदात गणपती आले की जाखडी निघते. मधोमध शाहीर बसतो, त्याच्याजवळ ढोलकीवाला आणि झांजवाला. भोवती पायांत चाळ बांधलेले गडी गोल धरून नाचतात. मुंबईकर याला बाल्या नाच म्हणत आले. पहिले गाणे गणाचे, म्हणजे गणपतीला वंदन करण्याचे, मग गवळण, आणि मग समोर दुसरी पार्टी असेल तर खरा रंग भरतो. एक पार्टी शक्तीवाल्यांची, दुसरी तुरेवाल्यांची. शक्तीवाले प्रकृतीचा मोठेपणा गातात, तुरेवाले पुरुषाचा, म्हणजे शिवाचा. एकाने पुराणातला सवाल घालायचा, दुसऱ्याने त्याचा जवाब गाण्यातच द्यायचा. आता आम्ही आपणांस विचारतो, गेल्या वर्षीचा सवाल यंदा घालून कसे चालेल? त्याचा जवाब सगळ्या पंचक्रोशीला पाठ झालेला असतो. म्हणून शाहीर नवे कवन बांधतो. चाल पुष्कळदा सिनेमातली असते, आणि वहीत कवनाच्या डोक्यावर ती प्रामाणिकपणे लिहिलेलीही असते. शब्द मात्र त्याचे स्वतःचे.

गणपतीपुळ्याची एक गंमत आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्या गावात घरोघरी मूर्ती आणून बसवण्याची रीत नाही. सगळ्या गावाचा गणपती एकच, पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून बसलेला तो डोंगरातला स्वयंभू. त्याला प्रदक्षिणा घालायची तर सबंध डोंगराला घालावी लागते. आजूबाजूच्या गावांतल्या अंगणांत प्रत्येक पार्टी जो नवा गण म्हणते, तो शेवटी ह्याच दैवताच्या नावाने. म्हणजे, वर्षाची नवी गाणी किती झाली हे कोणाला ठाऊक असेल तर ते पुळ्याच्या गणपतीला! माणसांपाशी त्याची नोंद नाही, आणि आमचे आजचे दुखणे तेच आहे.

एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका श्रावणात आम्ही गणपतीपुळ्याजवळच्या एका वाडीत तालमीला जाऊन बसलो होतो. पोरे उत्साहाने एक गण म्हणत होती. मोबाईल ओटीच्या खांबाला टेकवून ठेवलेला, त्यातून सूर यायचा आणि पोरे तो उचलायची. गण फार सुरेख होता. पण दोन कडवी झाली आणि एकदम थांबला. कोपऱ्यात एक म्हातारे शाहीर बसले होते. त्यांनी विचारले, "पुढचं कडवं कुठं हाय?"

"एवढंच हाय, बुवा."

"बांधलंय कुनी?"

"म्हाईत नाय. मोबाईलवर गावलं."

बुवा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे ह्यो गण पोरका हाय."

त्या शब्दाचा अर्थ आम्हांला तेव्हा पुरता कळला नाही. मागाहून कळला. आपल्याकडे कवी आपले नाव कवितेच्या बाहेर लिहीत नसे, तो ते शेवटच्या कडव्यात गुंफत असे. तुकोबांच्या अभंगाला त्यांची मुद्रा आहे, तशीच शाहिराच्या कवनालाही आहे. शेवटच्या कडव्यात तो आपल्या गुरूचे नाव घेतो, गावाचे घेतो आणि सर्वांत शेवटी स्वतःचे. म्हणजे कवीची सही गाण्याच्या शेपटाला असते. आणि मोबाईलवर फिरणारा तुकडा अर्ध्या मिनिटाचा, फार तर एका मिनिटाचा. कापणारा नेहमी शेवटच कापतो! त्याच्या मनात पाप नसते, पण त्याच्या कात्रीखाली नेमके नाव येते.

यंत्रालाच दोष द्यावा, असे मात्र आमचे म्हणणे नाही. यंत्राचा इतिहास थोडा निराळाच आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि नोव्हेंबरात त्यांनी गौहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले. तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास चाले. तासभर गायचा राग तेवढ्यात आवरून गौहरजान शेवटी इंग्रजीतून आपले नाव स्वच्छ सांगत असत. कारण व्यवहारातले होते. तबकड्या उमटवायच्या जर्मनीत हॅनोवरला, आणि तिथल्या कारागिराला गाणे कोणाचे हे कळायला हवे होते. म्हणजे यंत्र नवीन होते, वेळ अपुरा होता, तरी नावाला जागा ठेवली होती, आणि तीही शेवटीच.

पुढे आकाशवाणीने तर एक सबंध वर्षच नव्या गाण्यांचे करून दाखवले. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत पुणे केंद्रावरून गीतरामायणाची छप्पन्न गीते आठवड्याला एक अशी प्रसृत झाली. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गीतांची संख्या बावन्नावर न थांबता छप्पन्न झाली. योजना सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, स्वर सुधीर फडक्यांचे. एवढ्या वर्षांनीही ही नावे कोणाला विचारावी लागत नाहीत. १९५७ साली गीते पुस्तकरूपाने निघाली आणि नावांवर शिक्कामोर्तब झाले. आमच्या शाहिराचे काम ह्याच जातीचे आहे. त्यालाही तिथीच्या आत गाणे पुरे करावे लागते. फक्त त्याच्यामागे आकाशवाणी नसते.

मग १९८० नंतर ध्वनिफिती स्वस्त झाल्या. परळ-लालबागेत राहणाऱ्या चाकरमान्यांनी शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या फितींवर उतरवल्या आणि गणपतीला येताना त्या गावी आणल्या. फितीच्या वेष्टनावर शाहिराचे नाव छापलेले असे. पण एका फितीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी नक्कल होई, आणि नक्कल केलेल्या फितीला वेष्टन कुठले? गळती तिथे सुरू झाली. तरी फितीत गाणे पुरे असे, शेवटचे कडवे शाबूत असे. मोबाईलच्या तुकड्यात तेही राहिले नाही.

असेच काहीसे आयर्लंडात शंभर वर्षांपूर्वी घडले. मायकेल कोलमन हा स्लायगो परगण्यातला फिडल वाजवणारा. १८९१ साली जन्मला, १९१४ साली पोटासाठी अमेरिकेस गेला, आणि १९२१ पासून न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघू लागल्या. त्या पोस्टाने, बोटीने मायदेशी गेल्या. गावोगावचे वादक त्या ऐकून त्याच्यासारखे वाजवू लागले. संगीताला नवे बळ मिळाले हे खरे. पण कित्येक परगण्यांच्या आपापल्या लकबी त्यापुढे मागे पडल्या, हेही तितकेच खरे. शहरात गेलेला गावकरी गावाच्या गाण्याला जगवतो आणि बदलूनही टाकतो. चाकरमान्यांच्या ह्या कोकणाला हे निराळे समजावून सांगायला नको.

पण त्या लोकांनी आणखीही एक गोष्ट केली. फ्रान्सिस ओनील हा शिकागो शहराचा पोलीसप्रमुख. तोही आयरिश. आपल्या लोकांच्या चाली विसरल्या जात आहेत हे पाहून त्याने त्या जमवायला घेतल्या. त्याला स्वतःला स्वरलिपी नीट लिहिता येत नव्हती. जेम्स ओनील नावाचा त्याचा सहकारी ऐकून उतरवून घेई. १९०३ साली त्यांनी १८५० चालींचा ग्रंथ छापला, आणि पुष्कळ ठिकाणी चाल कोणाकडून मिळाली त्याचे नावही दिले. आजही आयरिश ध्वनिमुद्रणाबरोबर जे टिपण येते, त्यात ही चाल अमक्या गावच्या अमक्याकडून शिकलो, असे लिहिण्याचा रिवाज आहे. चोरचिलटांचे कसब पाहायचे, ते काम करणाऱ्या एका पोलिसाला जे सुचले, ते आम्हां सुशिक्षितांना सुचू नये काय?

एवढ्या दूर जायलाही नको. गणपतीपुळ्याला लागूनच मालगुंड आहे. तिथे १८६६ साली केशवसुत जन्मले आणि १९०५ साली हुबळीस प्लेगने गेले. हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नाही. हरिभाऊ आपट्यांनी १९१७ साली त्यांच्या कविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या, म्हणून मराठीचा एक युगप्रवर्तक कवी आपल्या हाती आला. आज मालगुंडला त्यांचे स्मारक उभे आहे, लोक अभिमानाने पाहायला येतात. त्या स्मारकाच्या आसपासच्या वाड्यांतच रचले गेलेले गण मात्र पोरके फिरतात.

आता कोणी म्हणेल, लोकगीताला कर्ता कशाला हवा? ते समाजाचे असते. आम्ही ह्या म्हणण्याचा मान राखतो, पण ते इथे लागू नाही. जात्यावरची ओवी समाजाची असेल. कालच्या श्रावणात एका जिवंत माणसाने रात्री जागून बांधलेला गण त्याचा आहे. कायदाही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकाराचा आणि संगीतकाराचा मानधनातला वाटा इतका पक्का केला की, तो त्याने कंपनीस लिहून देऊ म्हटले तरी सुटत नाही. परंतु गाणे कोणाचे हेच जिथे सांगता येत नाही, तिथे कायदा वाटा कोणाच्या हातावर ठेवणार?

त्या पोरक्या गणाचे पुढे काय झाले, ते सांगून आम्ही आटोपते घेतो. शिमग्याला एका गावी नमन पाहायला गेलो असता आम्ही सहज तो गण गुणगुणलो. मृदंगावर बसलेल्या गृहस्थांनी तो पुढे सबंध म्हणून दाखवला, तिसऱ्या आणि चौथ्या कडव्यासकट. चौथ्यात गुरूचे नाव होते, गावाचे होते आणि कवीचे होते. चौकशी करीत आम्ही परळला एका चाळीत पोहोचलो. कवी हयात होते. १९८२ च्या संपात गिरणीतली नोकरी गेली, नंतर मिळेल ते काम केले, पण दर श्रावणात गावच्या पार्टीला एक गण लिहून पाठवण्याचा नेम चुकवला नव्हता. त्यांचे नाव आम्ही इथे घेत नाही, कारण तशी परवानगी त्यांच्याकडे मागितलेली नाही. त्यांना आम्ही सांगितले की, तुमचा गण पुळ्याकडच्या वाड्यांतून म्हटला जातो. आम्हांला वाटले, ते पैशांचे विचारतील, निदान चिडतील तरी. त्यांनी एवढेच विचारले, "शेवटचं कडवं म्हनतात का?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे आमचे अपुरे उत्तर आहे.

म्हणून जाण्यापूर्वी एकच सूचना करतो. तिला सरकार लागत नाही, अनुदान लागत नाही. आपल्या प्रत्येक वाचनालयाने एक जाड वही घालावी. दर भाद्रपदात तीत लिहावे: गाणे कोणते, बांधले कोणी, गुरू कोण, म्हटले कोणी, ढोलकीला कोण होते, चाल कुठली, गाव कोणते, साल कोणते. शाहिराची हरकत नसेल तर सबंध कवनही उतरवून घ्यावे. पोरांनी मोबाईलवर गाणे जरूर टाकावे. त्याने ते मुंबईला, दुबईला जाते, ही वाईट गोष्ट नाही. फक्त टाकताना खाली चार नावे लिहावीत आणि शेवटचे कडवे कापू नये. एवढे केले तर पुढच्या वसंतात कोणी तरी ह्याच व्यासपीठावरून वर्षाच्या नव्या गाण्यांचा खरा आढावा घेऊ शकेल. आणि येत्या गणपतीत आपल्या अंगणात जाखडी आली, तर बिदागी देऊन दार लावून घेऊ नका. शेवटपर्यंत उभे राहा आणि कवीचे नाव ऐकून मग आत जा.